कळमन्याचा काटा अन् चिपचा पत्ता

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. मोठी माणसं लिहितात. आमचे साहेब महादेवराव सकाळी म्हणाले, कळमन्याच्या संत्रा बाजारासाठीचा डिजिटल काटा जो चालू करून दाखवील तो टीम लीड. टीममध्ये दोघंच, मी अन् मयुरा. म्हणजे मीच! बायकोले, हर्षाले, सांगून टाकलं. तिनं माहेरीही कळवलं.

काम सोपं आहे. बोर्डावर दोन तारा, त्याले म्हणतात बस. वजन मोजणारी चिप त्या तारांवर बसते. कर्नल म्हणजे काट्याच्या सिस्टिमचा गाभा, त्यातला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम चिपशी बोलते. त्याले चिपचा पत्ता द्यायचा, तो हाक मारते, चिप ओ देते. पत्ता कंपनीच्या माहितीपत्रकात, डेटाशीटमध्ये, छापलेला आहे, साठ. उद्या जेवायच्या आधी आटोपतो.

४ फेब्रुवारी
साठ टाकलं. चिप ओ देऊन नाही राहिली.
मयुरा मधातच बोलली. म्हणे, निम्मा कर, तीस टाक. या कंपन्या पत्त्याच्या शेवटी एक बिट जास्तीचा धरून छापतात, वाचायचं का लिहायचं ते सांगणारा, आपलं कर्नल तो स्वतःच जोडते; तो बिट काढला की आकडा निम्मा होते. मी म्हटलं, पत्ता निम्मा होत असते का वं? धरमपेठेचा पत्ता निम्मा केला तर पार्सल कुठं जाईन? हसली. काहून हसली ते मले समजते. तिलेही लीड व्हायचं आहे.

६ फेब्रुवारी
सप्लायरनं धोका दिला! चिप डुप्लिकेट. फोनवर असा झापला त्याले की बस.

७ फेब्रुवारी
दुसरी चिप आली. तीही डुप्लिकेट.

१० फेब्रुवारी
आता समजलं. चिप नाही, बसच खराब. तारा बदलल्या, स्पीड कमी केली. काही नाही. संध्याकाळी मयुरा चहा घेऊन आली अन् पुन्हा तेच, तीस. गोड बोलून गळा कापणं म्हणतात ते हेच. साहेबांकडे गेलो, म्हटलं, ती मले भटकवून राहिली. त्यांनी तिले वेबसाइटच्या कामावर टाकलं. आता शांती. रोज पहाटे उठून काम करणार.

११ फेब्रुवारी
पहाटे थंडी होती.

१२ फेब्रुवारी
उद्या बाजारात डेमो. काटा शून्यच दाखवून राहिला, पण शून्य एकदम स्थिर आहे. अर्धी लढाई जिंकली म्हणायची. नवीन शर्ट घेतला.

१३ फेब्रुवारी
घात झाला. सगळे अडते जमलेले. संत्र्याचं क्रेट ठेवलं, शून्य. दुसरं चढवलं, तरी शून्य. एक अडत्या म्हणे, भाऊ, या काट्यावर मी माल घ्यायले येतो, विकायले नाही. खी खी खी. साहेबांनी सगळ्यांसमोर मयुराले फोन लावला, स्पीकरवर. ती एवढंच म्हणाली, सर, त्याले तीस टाकायले सांगा.
टाकलं. ड्रायव्हर पुन्हा लोड केला. चाळीस किलोच्या वर आकडा आला. टाळ्या!
साहेबांनी मले विचारलं, जितेंद्र, हे तिनं तुले आधी नव्हतं सांगितलं? फोन सुरूच होता. मी म्हटलं, नाही सर.
 ती तिकडून म्हणे, हौ सर, माझ्याकडून राहून गेलं असंन.
स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. मी तर कधीचा म्हणून राहिलो होतो.

१७ फेब्रुवारी
लीड झालो. हर्षानं कॉलनीत पेढे वाटले. मयुराले दोनदा फोन केला. उचलला नाही. जळते, दुसरं काय!

१८ फेब्रुवारी
मयुरानं राजीनामा दिला. साहेबांनी बोलावून सांगितलं, दुसरं माणूस इतक्यात मिळणार नाही, आता टीम म्हणजे तू एकटाच. हर्षाले हे अजून सांगितलं नाही.
काट्यात पावती छापायची नवीन चिप टाकायची आहे. दुपारपासून लागलो, ओ देऊन नाही राहिली. कोणाले विचारू? ऐन कामाच्या वेळी सोडून गेली मले. याले दगा नाही तर काय म्हणतात?