तळाशी न जाणारं पाणी

दक्षिण ध्रुवाकडचा समुद्र
२ मार्च १९७६

प्रिय विजू,

आमची बोट बर्फात रुतून आज अठरा दिवस झाले. पुढंही जाता येत नाही, मागंही नाही. कप्तानाने जेवण निम्म्यावर आणलंय. उद्या हेलिकॉप्टर येणार आहे, पण ते दोन आजारी खलाशी आणि टपालाची थैली नेईल. बाकीचे आम्ही इथेच. आईला यातलं काही सांगू नकोस. निघताना "स्वेटर तरी जाड हाय न्हवं?" एवढीच तिची काळजी होती, ती तेवढीच राहू दे.

तू नेहमी विचारायचीस, तिथं तू नेमकं करतोस काय? बाटल्या दोराने समुद्रात खोल सोडतो, पाणी वर आणतो आणि त्यातलं मीठ तपासतो. समुद्र गोठतो तेव्हा बर्फात मीठ फारसं राहत नाही, ते खालच्या पाण्यात उतरतं. असं खारट, गार पाणी जड होऊन तळाशी जातं आणि वरची हवा सोबत नेतं. तळातले जीव तिच्यावरच जगतात. पण इथे जमिनीवरून समुद्रावर सरकत आलेला बर्फाचा प्रचंड थर आहे. तो खालून वितळला की गोडं पाणी मिसळतं, पाणी हलकं होतं आणि खाली जायचं थांबतं. मागच्या सफरीपेक्षा यंदा मीठ कमी निघालं. मी तीनदा तपासलं. दोन वर्षांच्या आकड्यांवरून काही म्हणता येत नाही, असं आमचे साहेब म्हणतात, आणि ते खरंच आहे. तरी हा थर असाच वितळत राहिला तर खाली हवा कशी पोचणार, हे मनातून जात नाही.

गेल्या बुधवारी बर्फाच्या दाबाने माझ्या केबिनचं दार चौकटीत आवळलं. आत मी एकटाच. बाहेरून खलाशी पहारीने ठोकत होते. दार निघायला दोन तास लागले. आधी मी ओरडलो, मग रडलो, मग हाताला काहीतरी काम हवं म्हणून ट्रंक उघडली. कपड्यांखाली तुझं पत्र होतं.

विजू, ते मी तोवर फोडलंच नव्हतं. डिसेंबरात अर्जेंटिनाच्या बंदरात आबांचं आणि तुझं पत्र एकदमच मिळालं. आबांनी लिहिलं होतं, "कराडचं स्थळ हाय, घर लय मोठं. वैशाखात बार उडवू. पोरीचं सांगलीचं कालेज बंद करतो. पर तुज्या शब्दाबिगर न्हाई ठरवायचो." तुझ्या पत्रात काय असणार, हे मला ठाऊक होतं. वाचलं असतं तर आबांशी भांडावं लागलं असतं, आणि भांडलो असतो तर त्यांनी मलाही परत बोलावलं असतं. दुसऱ्या दिवशी बोट सुटणार होती. मी लिहून टाकलं, "तुम्ही म्हणाल ते मान्य." "दादा, एकच वर्ष राहिलंय, तूच सांग त्यांना," हे तुझं वाक्य मी अडीच महिन्यांनी वाचलं. हे पाकीट वैशाखाआधी कोरेगावला पोचेल की नाही, मला माहीत नाही. आत आबांसाठी चिठ्ठी आहे. दिलेला शब्द मी मागे घेतो, विजूला सांगलीला पाठवा, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. त्यांना ती परस्पर पाठवलेली नाही. द्यायची की नाही, ते या वेळी तू ठरव.

तुझाच,
आकारामदादा