बाबांचं प्रेशर आणि माझं करेक्शन

४ फेब्रुवारी
कंपनीत हृदयविकार आणि पक्षाघातावर व्याख्यान. सक्तीचं. डॉक्टर म्हणाले, प्रत्येकाने आपला धोका समजून घ्यावा : वय, रक्तदाब, मीठ, सिगारेट, झोप, घरातला इतिहास. पहिल्या रांगेत फोरमन तोंड उघडं टाकून झोपला होता. शिसारी आली.
मी धोका ताबडतोब समजून घेतला. बाबांचा.

५ फेब्रुवारी
एक्सेल शीट तयार. बाबा : वय त्रेसष्ट, पोट शर्टाच्या बटणांना न झेपणारं, व्यायाम म्हणजे रिमोट शोधणं. घरातला इतिहास : आई पक्षाघाताने गेली.
बाबांनी चष्मा वर करून शीट वाचली. म्हणाले, अगं इंजिनियरबाई, ती माझी बायको होती. रक्ताचं नातं तुझं तिच्याशी. मी सांगितलं, तो सेल लॉक केलाय. यावर त्यांनी तेलकट बोटं सोफ्याला पुसली. किळस.
माझ्या हातातलं वेफर्सचं पाकीट संपवून मी गॅलरीत गेले. एक सिगारेट. मी स्मोकर नाही. फक्त चिडल्यावर ओढते. सध्या रोज चिडते.

८ फेब्रुवारी
रक्तदाबाचं मशीन आणलं. कुठलंही उपकरण वापरण्याआधी खात्रीच्या संदर्भावर तपासायचं असतं. हे माझंच काम आहे. आमच्या लॅबने पास केल्याशिवाय एकही प्रेशर गेज बॉयलरवर चढत नाही.
घरातला खात्रीचा संदर्भ : मी. वय एकतीस, सडपातळ. रक्तदाब १२०/८०, म्हणजे तेवढाच असणार. मशीनने १६०/१०२ दाखवला. म्हणजे मशीन वरचा आकडा चाळीसने फुगवतं. स्वस्त वस्तूंचा वीट आलाय. असो, चूक माहीत असली की वजा करता येते.

९ फेब्रुवारी
बाबा : मशीनवर १२८. करेक्शननंतर ८८. भयंकर लो! तरीच दिवसभर गळाठून पडलेले असतात. उपाय : मिठाचं पाणी, दोन वेळा.
बाबांनी एक घोट घेतला आणि बेसिनमध्ये थुंकला. म्हणाले, समुद्र पाजण्यापेक्षा सरळ नेऊन बुडव की. आणि स्वतःच्याच विनोदावर हसले. कवळी हलली. शी.

१३ फेब्रुवारी
मशीन आज मला १६८ दाखवतंय. बिघाड वाढतोय. करेक्शन अठ्ठेचाळीस केलं. त्या हिशोबाने बाबा फार दिवस काढतील असं वाटत नाही. ते सोफ्यावर शीळ घालत होते.
डोकं ठणकतंय. बाबांच्या काळजीने.
ठराव : उद्यापासून वेफर्स बंद, सिगारेट बंद, वेळेवर झोप. मला गरज आहे म्हणून नाही. संदर्भ स्वच्छ ठेवावा लागतो.

१४ फेब्रुवारी
वेफर्स, सिगारेट चालू. तपासणीच्या मध्येच संदर्भात बदल करणं अशास्त्रीय आहे.

१७ फेब्रुवारी
मशीन लॅबमध्ये नेलं, नळी मास्टर गेजला जोडली, ज्यावरून बाकी सगळे गेज तपासतो त्याला. आमचा टेक्निशियन डोकावला. एका जागी स्थिर राहत नाही म्हणून त्याला सगळे काटा म्हणतात. म्हणाला, मॅडम, मशीन एकदम सोनं आहे हो.
खरंच. प्रत्येक आकडा बरोबर. याचा अर्थ एकच : मास्टर गेज बिघडलं. त्याला लाल टॅग लावून बाहेर तपासणीला पाठवलं. लॅबचं काम ठप्प. मॅनेजर ओरडला, बॉयलर काय आता तुझ्या मूडवर चालवायचे? बोलताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकी जमते. बघवत नाही. याचा धोका प्रचंड असणार. शीटमध्ये रकाना वाढवला.

२० फेब्रुवारी
मास्टर गेज परत आलं. निर्दोष. बाहेरच्यांच्या कामाचा दर्जा पार घसरलाय.
दुपारी डाव्या हातातून स्पॅनर पडला. बोटं बधिर. थोड्या वेळाने ठीक. स्पॅनरला तेल लागलेलं असणार. हल्ली पुसतं कोण? काटा म्हणाला, तेल राहू दे, मॅडम, तुमची जीभ जड झालीये. मी म्हटलं, मूर्खांशी बोलताना होते. तो ऐकेना. ओढतच खाली कंपनीच्या डॉक्टरांकडे नेलं, वर बाबांना फोनही केला. चोंबडा.
डॉक्टरांकडे पाऱ्याचं जुनं यंत्र. १७४. याचं शेवटचं कॅलिब्रेशन कधी झालं, विचारलं. त्यांनी दुसरा हात मागितला. त्यावरही तेवढाच. माझ्यासमोरच अँब्युलन्सला फोन केला.

२१ फेब्रुवारी, हॉस्पिटल
उशीवर कोणाचा तरी जुना डाग. नर्सने दुसरी दिली, तिच्यावरही.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कायमचं काही बिघडलेलं नाही. हा इशारा होता, पुढच्या वेळी इशारा मिळेलच असं नाही. मग घरातला इतिहास विचारला. मी म्हटलं, आईला पक्षाघात, पण ती तशी वयस्कर होती. बाबा खुर्चीतून म्हणाले, छत्तीसची होती. ही तेव्हा चौथीत.
डॉक्टरीणबाई गेल्यावर बाबांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. म्हणाले, बाळा, तिलाही डॉक्टरांनी प्रेशर सांगितलं होतं. घरी येऊन म्हणाली, त्यांचं मशीनच जुनं आहे.
मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?
म्हणाले, मी म्हटलं, असेल.
नर्स गोळी घेऊन आली. मी काही न विचारता घेतली.