कॅरिअरवरचा हात

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली आहे, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की पहिल्या दिवशी सायकलवाल्याने मागून कॅरिअर धरलं आणि तो सिमेंटच्या गोदामांच्या रस्त्यापर्यंत माझ्यामागे धावत आला. तसं झालेलं नाही. काल त्याचे आभार मानायला गेले, तर तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याचं दुकान साडेनऊला उघडतं. सकाळी सातला तो अंथरुणात असतो, आणि गुडघ्यांमुळे गेल्या दहा वर्षांत आपण कशाच्याही मागे धावलेलो नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने मला जुनी सायकल विकली, सीट खाली करून दिली आणि पहिले काही दिवस कोणीतरी मागून धरायला हवं, असं सांगितलं. ते कोणीतरी म्हणजे तोच, हे मी मनाशी धरून चालले.

आमच्या प्रयोगशाळेत चुकलेला आकडा पुसत नाहीत. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. तर ‘सायकलवाला’ या शब्दावर मी रेघ मारते आहे. शेजारी काय लिहायचं ते मात्र मला माहीत नाही.

कोणीतरी धरलं होतं हे नक्की. फाटकाबाहेर एक पाय पायडलवर ठेवला, सायकल डावीकडे कलली, आणि पडणार तोच मागून सरळ झाली. धापा ऐकू येत होत्या. मी धरलंय, पुढे बघ, असं कोणीतरी म्हणालं. मागे बघितलं की पडायला होतं, म्हणून मी बघितलं नाही. प्रयोगशाळेच्या दारात उतरले तेव्हा मागे रस्ता रिकामा होता. तेव्हापासून रोज असंच आहे. आज अकरावा दिवस.

सायकल सोडता येत नाही. पाण्याचे नमुने साडेसातला येतात आणि पहिली बस मला पावणेआठला सोडते. सहा महिने मी कच्ची नोकर आहे, उशीर चालणार नाही. लहानपणी तू मधेच सोडलंस म्हणून मी पडले, हनुवटी फुटली, आणि सायकल शिकायची राहिली ती राहिलीच. आता सव्विसाव्या वर्षी शिकते आहे, म्हणजे हसू नकोस.

तब्येत कशी आहे ते लिही. वहिनीला नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे, जास्त मागत नाही.

तुझी,
मुंगी


शनिवार, ८ नोव्हेंबर

चि. मुंगीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, ही मुलगी एक दिवस आरशातल्या स्वतःच्या तोंडावर रेघ मारून शेजारी सही करणार. मी म्हटलं, करू दे, तिला पगार त्याचाच मिळतो.

सायकलवाल्याचं एवढं मनावर घेऊ नकोस. सकाळी फिरायला निघालेला कोणी भला माणूस असेल. नाहीतर कोणी नसेलही, शिकणाऱ्याला भास होतात. मला विचारशील तर, धरणारा कोण आहे हे बघत बसू नकोस. तो सोडत नाही ना, एवढं बघ.

हनुवटीला एकोणीस वर्षं झाली की ग. बाबा असते तर त्यांनी तुला सायकलला हात लावू दिला नसता, आणि मला तर त्या गल्लीत उभं केलं नसतं.

माझं बरं चाललंय. छापखान्यात रातपाळीच आहे. सकाळी सहाला घरी येतो, चहा घेतो आणि साडेसहाला जो आडवा होतो तो थेट दुपारी एकला उठतो. स्वप्न वगैरे काही नाही, दगडासारखी झोप. पण पंधरा दिवस झाले, पोटऱ्या अशा दुखतात की जणू कोणी कोसभर पळवून आणलंय. मशीनपाशी तर नुसतं उभं राहायचं असतं. वहिनी म्हणते, वय झालं. तेहतिसाव्या वर्षी वय होत असेल तर पन्नाशीत मला घडी घालून कपाटात ठेवा.

एक सांगायचं राहिलं. पूल उतरला की डाव्या हाताच्या गटारावर झाकण नाही. तिथे तू फार कडेने घेतेस. जरा मधे राहत जा.

वेळेवर जेव, आणि आमची आठवण बुडवू नकोस.

तुझा,
दादा


बुधवार, १२ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. माझ्या पत्रांच्या कच्च्या प्रती मी ठेवते, हे तुला ठाऊक आहे. त्यावरून तू मला चिडवतोसही. काल रात्री सगळ्या काढून बघितल्या. पुलाचा उल्लेख एकाही पत्रात नाही. गटाराचा तर नाहीच. तू या शहरात एकदाही आलेला नाहीस.

सोमवारी मी एक करून बघितलं. पाणी गाळायचा एक कागद कडेला फाटला होता, टाकूनच द्यायचा होता. तरी साहेबांना विचारून घेतला. निघताना तो कॅरिअरच्या दांडीला घट्ट गुंडाळला. कामावर पोचल्यावर सोडून पाहिला. उजव्या बाजूला चार बोटं वर आणि अंगठा खाली, असा तो चेपला होता. अंगठ्याच्या जागी काळा डाग होता. आमच्या मोठ्या बाईंना मी नुसता डाग दाखवला, कुठला ते सांगितलं नाही. त्यांनी नखाने खरवडला, वास घेतला आणि म्हणाल्या, ही छपाईची शाई आहे.

दादा, मी घाबरले आहे असं लिहिणार होते. पण खरं लिहायचं तर सायकलवर असेपर्यंत भीती वाटत नाही. मागे कोणी आहे म्हटल्यावर मी निर्धास्त असते, आणि उतरल्यावर त्याचीच भीती वाटते.

हनुवटीबद्दल तू लिहिलंस. त्याबद्दल मलाही काही लिहायचं आहे, पण या पत्रात नको. तू आधी मला खरं सांग. पोटऱ्या अजून दुखतात का?

उत्तराला उशीर करू नकोस. तुझा जीव माझ्यात आहे हे मला माहीत आहे, म्हणूनच विचारते.

तुझी,
मुंगी


शनिवार, १५ नोव्हेंबर

प्रिय मुंगीस,
स. न. वि. वि.

तुझ्या दादाला न सांगता लिहिते आहे. तूच शिकवलेल्या अक्षरांनी एवढं लांब पत्र पहिल्यांदाच लिहीत आहे, चुकलं तर रेघ मार.

तुझं पत्र ह्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि दोनदा हात धुतले. तुला ते काही लिहिणार नाहीत. म्हणून मी सांगते.

दिवाळं निघालंय ह्यांच्या पायांचं. तळव्यांना फोड आले आहेत. झोपताना पाय स्वच्छ असतात, उठताना चादरीवर पांढरी भुकटी असते, सिमेंटसारखी. उजवा तळहात तांबडा होतो. छापखान्याची शाई धुऊन धुऊन माझी हयात चालली आहे, ती मी डोळे मिटून ओळखते. ही शाई नाही, हा गंज आहे.

सात वाजायला आले की ह्यांचा श्वास वाढतो. धाप लागते, पाय हलतात, उजव्या हाताची मूठ वळते. हाक मारून उठत नाहीत. साडेसातला सगळं थांबतं आणि घामाने उशी भिजलेली असते. रविवारी मात्र शांत झोपतात. तुला सुट्टी असते तो वार, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

डॉक्टरांना काही सापडलं नाही. विश्रांती घ्या म्हणाले. हे हसले आणि म्हणाले, मी तर नुसता झोपलेलाच असतो.

मला हसू येत नाही ग. परवा कागद कापायच्या मशीनवर ह्यांना उभ्याउभ्या डुलकी लागली. पातं खाली येत होतं आणि हात आत होता. शेजारच्याने बाही धरून ओढलं म्हणून बोटं जागेवर आहेत. पुढच्या वेळी तो शेजारी असेलच असं नाही.

तू आणि हे, यांच्यात काय आहे ते मला कळत नाही. पण तू सायकल बंद कर. माझ्या मायेला जागून एवढं कर.

तुझी,
वहिनी


शनिवार, २२ नोव्हेंबर

प्रिय मुंगीस,
स. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार तू बसने गेलीस, तिन्ही दिवस साहेबांची बोलणी खाल्लीस, आणि मला बोल लावला नाहीस. तू शब्द पाळलास, पण मागणारी मीच चुकले.

त्या तीन दिवसांत ह्यांचे पाय जागेवर हलले नाहीत. ते उठून चालायला लागले. डोळे मिटलेले, उजवा हात पुढे, जणू अंधारात काही चाचपताहेत. बुधवारी भिंतीपाशी थांबले. गुरुवारी दारापर्यंत गेले. शुक्रवारी मी अंघोळीला गेले होते, तेवढ्यात कडी काढून मोठ्या रस्त्यावर पोचले. दूधवाला हाताला धरून परत घेऊन आला. तो सांगत होता की हे भरधाव गाड्यांच्या मधे उभे होते आणि येईल त्याला विचारत होते, ती कुठे गेली, आत्ता इथेच होती. आज मी कुलूप घालून दारात बसले.

तू सायकलवर असतेस तेव्हा निदान अंथरुणात तरी असतात. मुंगी, तू पुन्हा सायकलने जा. आणि काहीतरी विचार कर. तू शिकलेली आहेस, माझं डोकं इथे थांबलं.

उत्तराची वाट बघत,
वहिनी


गुरुवार, २७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र शनिवारी पोचेल. वहिनी ते तुला रविवारी दुपारी देईल, झोप झालेली असताना. ती शेजारी बसलेली असताना वाच.

मंगळवारपासून मी पुन्हा सायकलने जाते आहे. फाटकाबाहेर पडले, पायडलवर पाय ठेवला आणि तू होतास. आता ‘कोणीतरी’ असं लिहीत नाही. तुझ्या धापा मी ओळखते. इतक्या दिवसांनी माझी गाठ पडली म्हणून की काय, दांडी इतकी घट्ट धरली होतीस की सायकल जड जात होती. पुलाच्या चढावर दोनदा उतरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याच चढावर मी तुला म्हटलं, दादा, सोड. हळू म्हटलं, पण तू ऐकलंस. हात आणखी आवळला. आणि तू जे म्हणालास ते इथे शब्दाला शब्द लिहिते, कारण झोपेतलं तुला आठवणार नाही. तू म्हणालास, नाही. तू पडशील आणि नाव माझं येईल.

तिथेच उतरले आणि कठड्याला टेकून उभी राहिले. मागून येणारे घंटी वाजवत पुढे जात होते. त्या दिवशी नमुने माझ्याआधी पोचले.

दादा, माझ्या सगळ्या पत्रांत आणि त्याच्या आधी एकोणीस वर्षं एक चूक आहे. चार तारखेच्या पत्रात मी लिहिलं, लहानपणी तू मधेच सोडलंस म्हणून मी पडले. इतकी वर्षं तेच म्हणत आले, म्हणून हात न थबकता लिहून गेले. त्या वाक्यावर मी रेघ मारते आहे. खालचं वाचता येऊ दे, मी काय लिहीत होते ते दिसलं पाहिजे.

बरोबर असं आहे. तू सोडलं नाहीस. उतारावर येऊनही तू धरून धावत होतास. कोपऱ्यावर माझ्या वर्गातल्या मुली उभ्या होत्या. मला त्यांना दाखवायचं होतं. मी ओरडून तुला सोड म्हटलं. तू नको म्हणालास. मी दुसऱ्यांदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा तू सोडलंस.

बाबांनी विचारलं तेव्हा हनुवटीतून रक्त येत होतं आणि मला माराची भीती वाटली. मी म्हटलं, दादाने मधेच सोडलं. तू माझ्याकडे बघितलंस. एवढंच, फक्त बघितलंस. ज्याला बहीण धड धरता येत नाही तो शाळेत काय दिवे लावणार, असं बाबा म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात तू छापखान्यात गेलास. तू आठवीत होतास. वर्गात पहिला होतास. त्यानंतर घरात शिकली ती मी.

तू कधीच सांगितलं नाहीस. मला वाटायचं तू विसरलास, नाहीतर तुलाही तसंच वाटायला लागलं. आता मला कळतं की तू विसरला नाहीस. नुसतं सोड म्हटलं तर तू सोडणार नाहीस. मागच्या वेळी ऐकलंस त्याचं काय झालं हे तुझ्या हाताला माहीत आहे. म्हणून हे कागदावर लिहून देते आहे. खाली सही आहे. मी पडले तर माझी मी पडेन. नाव तुझं येणार नाही. वहिनी साक्षीला आहे.

आणखी एक खरं सांगते. मला सायकल येत नाही. एवढ्या दिवसांत मी एकदाही माझ्या तोलाने चाललेले नाही. सायकलवाल्याला विचारलं, तो म्हणाला, ज्याने धरलंय त्याने सोडल्याशिवाय कोणालाच येत नाही. दोन्ही हातांचे कोपर बांधून घे म्हणाला, आणि बांधायला जुन्या ट्यूबचे तुकडे दिले. ते मी बांधणार आहे.

वहिनी, शेवटी तारीख लिहिली आहे त्या दिवशी सात वाजता ह्याच्याजवळ बस. उठवू नकोस. उजव्या हाताकडे बघ. मूठ उघडली की त्यात तुझा हात दे, म्हणजे तो रिकाम्या हाताने मला शोधत निघणार नाही. पाय थांबले की घड्याळ बघून वेळ लिहून ठेव.

दादा, माझ्यावर राग येईल. तो यावा, त्याला उशीरच झाला आहे. पण त्या रात्री मशीनवर जाशील ते पुरती झोप होऊन, एवढंच मला हवं आहे. त्यानंतर लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

प्रयोगशाळेत नमुने साडेसातला येतात. मी लवकर निघेन. रस्ता रिकामा असेल. मागे बघणार नाही, पुढेच बघेन. तू शिकवलंस तसंच. पुलाच्या चढावर नाही, पुढच्या उतारावर, गटाराच्या अलीकडे, मोठ्याने तीनदा ‘सोड’ म्हणेन, त्या वेळी म्हटलं होतं तेवढ्याच मोठ्याने. मंगळवार, दोन डिसेंबर, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

मुंगी