टेबलाखाली शिरायचं नाही

३ ऑक्टोबर, शुक्रवार

गेले! दसऱ्यानंतर ऑफिस उघडतंय तोच मॉनिटर काळे. दोन-चार सेकंद अंधार, परत उजेड, परत अंधार. शैलजा मॅडम परदेशातल्या गिऱ्हाइकाशी बोलत होत्या, ऐन बोलण्यात दोन्ही पडदे गेले. ‘वेदाऽऽ!’ — अख्ख्या मजल्यानं ऐकलं.

ज्यानं हा डॉक शोधून काढला त्याला आठवडाभर माझ्या खुर्चीवर बसवा. लॅपटॉपची एक वायर त्यात खुपसायची, की दोन मॉनिटर, कीबोर्ड, नेट, वीज — सगळा संसार त्या एका डबीवर! आणि बिनसलं की दुरुस्ती मी करायची, बोलणीही मी खायची. केबल बदलल्या. डॉक बंद करून चालू केले. दुसरा लॅपटॉप लावून पाहिला. ढिम्म.

माझ्या जोडीला काम करणारा लोहित म्हणाला, ‘अक्का, तुम्ही आधी कॉफी घ्या. दसऱ्याला मशीनं पण आळसावतात.’ त्याला कशाचीच भीती वाटत नाही. मी फोन वाजला तरी दचकते.

६ ऑक्टोबर, सोमवार

वाढलंय. सुट्टीवरून सगळे परतले, आता निम्म्या मजल्यावर.

आमचे मॅनेजर नागभूषण सर म्हणाले, ‘दृष्ट लागली.’ डॉकगणिक एकेक लिंबू ठेवायला लावलं! आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, दारात एवढा थोरला कोहळा फोडला, कुंकवाचे डाग अजून लादीवरून निघत नाहीत, तरी दृष्ट? सरांची केबिन तेवढी सुखात. दोन्ही पडदे लख्ख. नशीब एकेकाचं.

दुपारी सरांनी सगळ्यांदेखत विचारलं, ‘सुट्टीच्या आधी डॉकवर नवं अपडेट कुणी टाकलं?’

लोहित उभा राहिला. ‘मी. तुम्हीच सांगितलं होतं, सर.’

‘अपडेट टाक म्हटलं होतं. वाट लाव म्हटलं नव्हतं!’

मग आम्हा दोघांनाच आत बोलावलं. शुक्रवारी हेड ऑफिसातले वरचे लोक येणार आहेत. ‘त्यांना काहीतरी दाखवावं लागतं. कारण, नाहीतर माणूस.’ आणि डॉकच्या कंपनीचा माणूस येईपर्यंत कुणीही टेबलाखाली शिरायचं नाही. कशाला हात लावायचा नाही. आम्ही नाही शिरायचं तर मग कोण शिरणार? पण विचारायची छाती झाली नाही.

लोहितच्या लग्नपत्रिका छापून आल्यात. मुलीकडच्यांनी नोकरी बघून मुलगी दिलीय.

७ ऑक्टोबर, मंगळवार

अपडेट काढून टाकलं. तरी काळेच! सर म्हणतात, ‘एकदा बिघडलं ते बिघडलं.’ असं होतं कुठे?

८ ऑक्टोबर, बुधवार

सापडलं. आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं.

जेवायच्या सुट्टीत मॅडमच्या टेबलाखाली पेन पाडलं आणि शिरले. स्वतःच्याच ऑफिसात चोरासारखी! डॉकचा चार्जर उलटा केला. पोटावर बारीक अक्षरांत वॅटचा आकडा. छोटा चार्जर! एका मॉनिटरच्या टेबलाला चालणारा. दोन मोठे मॉनिटर ओढायची त्याची ताकदच नाही. थोडा भार वाढला की डॉक मान टाकतो, मग पुन्हा उठतो. शेजारच्या एकाच मॉनिटरच्या टेबलाखाली पाहिलं, तिथे मोठा. सगळी अदलाबदल! पिन तीच, रंग तोच, आकार जवळजवळ तोच. ओळखणार कोण?

कशी झाली तेही लगेच आठवलं. पूजेच्या दिवशी सर म्हणाले होते, ‘यंत्राला जेवू घालतो तो चार्जर. तोही आयुधच! सगळे काढा, देवीपुढे मांडा.’ स्वतःच्या केबिनमधला त्यांनी आपल्या हातानं आणून ठेवला. रास झाली. मी गंध लावलं, लोहितनं झेंडू वाहिले. आरती झाली, चुरमुरे वाटले, आणि घरी जायच्या घाईत जो हाताला लागला तो समोरच्या टेबलाला जोडून आम्ही मोकळे.

अपडेटचा काही संबंध नाही! लोहितला सांगायला धावत निघाले, आणि वाटेतच थांबले. हे सांगायचं म्हणजे सरांचं नाव घ्यायचं. वरचे लोक यायच्या तोंडावर! ते मला ठेवतील? घरात पगार माझा एकटीचाच येतो.

परत जागेवर येऊन बसले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

बोलले नाही.

लोहितनं पत्रिका दिली. कोपऱ्यांना हळद. ‘अक्का, पहिल्या पंगतीला बसायचं हं. आणि उद्या मला काढलंच, तर आहेर जरा दणदणीत आणा!’ हसला. मला हसता येईना. पत्रिका पर्समध्ये उलटीच कोंबली, त्यानं पाहिलं. म्हणाला, ‘तुम्ही का घाबरता? जाणार तर मी आहे.’

डबा तसाच घरी आणला. मी भित्री आहे हे मला माहीत होतं. इतकी असेन असं वाटलं नव्हतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

वरचे लोक केबिनच्या बाहेरच कॉफी पीत होते. मी सरांकडे आत गेले आणि एका दमात सांगून टाकलं — रास, चार्जर, सगळं. डोळे मिटून घेतले होते.

उघडले तर सर टेबलाची कडा धरून बसलेले. ‘मला माहीत आहे गं. माझाही पडदा गेला होता. मी पहिल्याच दिवशी गुपचूप चार्जर बदलला. पण तोवर वर कळवून बसलो होतो, की लोहितचं अपडेट नडलं. आता काय तोंडानं...’ माझ्यापेक्षा तेच जास्त घाबरलेले!

म्हणाले, ‘वेदवती, आधी ते दार लावून घे.’

दार मी उघडंच ठेवलं. म्हटलं, ‘सर, आत्ता म्हणालात ते जरा मोठ्यानं म्हणा.’