पंचाण्णव टक्के सावली

२ जुलै, सकाळी
नेपियर गवत कापून झालं. आता फुटवा शास्त्रानं वाढवायचा. सोनपेठच्या ट्रेनिंगमधे साहेबांनी सांगितलं, वरचं ऊन शंभर धरा. पंचाण्णव पाल्यानं अडवलं अन् पाच बुडाला पोचलं, की त्याच दिवशी विळा. आधी कापलं तर बुडखा थकतो, उशीर झाला तर नुसत्या काड्या. मोबाईलमधे ऊन मोजायचं ॲप घेतलं. गावात पहिला मीच. तोवर म्हशीला कडबा.

११ जुलै, दुपारी १२
२२ टक्के. लय भारी. बायकोला आकडा सांगितला. मनकर्णा म्हणली, कडबा आठ दिवसांचाच हाय.
आठ दिवस म्हंजे भरपूर.

२० जुलै
५८. कडबा संपला. मनकर्णा विळा घेऊन गवतात शिरायली होती, आडवा झालो. आता कापलं तर सगळा अभ्यास वाया. ती म्हणली, अभ्यास खाऊन म्हैस दूध देत न्हाई. शिक्षण कमी, दुसरं काय.

२६ जुलै
वरचं ऊन मोजून खाली वाकेपर्यंत ढग आला. रीडिंग रद्द. दोन्ही टायमाचं दूध मिळून एक तांब्या. तात्पुरतं हाय. मनकर्णा लोकांच्या बांधावरचं गवत डोक्यावर आणायलीय. व्यायाम होतो.

१ ऑगस्ट
ढग.

२ ऑगस्ट
ढग. शेजारचा मुंजाजी म्हणला, डोळ्यानं बघा की, गवत छातीला लागायलंय. डोळ्यावर शेती करायचे दिवस गेले, बाबा.

५ ऑगस्ट
राणीसावरगावहून मेहुणा पंडित टेम्पो घेऊन आला. म्हैस त्यानंच बहिणीला भाऊबीजेची ओवाळणी म्हणून दिलेली. म्हशीच्या बरगड्या बघून सरळ दावं सोडलं. म्हैस चढवली. नव्या जागी बुजू नये म्हणून मनकर्णा पण सोबत गेली. पिशवी जरा मोठी नेली.

९ ऑगस्ट, दुपारी १२
ऊन! ९९ टक्के. पंचाण्णव लागत होते, चार जास्तच पडले. कापलं. खोडं उसागत कडक. मुंजाजीच्या बैलापुढं टाकलं, त्यानं हुंगून तोंड फिरवलं. लाडावलेला बैल.
मनकर्णाला फोन करून आकडा सांगितला. व्हय का, म्हणली. म्हैस तिकडं तीन तांबे द्यायलीय. कधी येता विचारलं. म्हणली, म्हैस म्हणंल तवा.

दुपारी ४
खुट्यापाशी बसलोय. काहीच वाटंना. म्हैस बांधायच्या जागी मोबाईल ठेवून बघितला. सगळं ऊन खाली पोचायलंय. अडवायला कुणीच न्हाई.