खोक्यातल्या अक्षता

विश्रांतवाडी, पुणे
१९ नोव्हेंबर

चि. केदार यास आनंदीताईचे अनेक आशीर्वाद.

मी इकडे ठीक. तुम्ही तिघंही ठीक असाल असं धरून चालते. भाऊबिजेची साडी स्पृहाने निवडली, हे मी लगेच ओळखलं. तू निवडतोस ती नेसण्यापेक्षा खिडकीला लावावीशी वाटते. तुझा गुडघा काय म्हणतो? आमोदला शाळेत संस्कृत घ्यायला लावू नकोस. संस्कृतात एम.ए. केलेली त्याची आत्या विमानतळावर मालाची खोकी तपासते, एवढं उदाहरण एका घराला पुरे.

पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या शेडमध्ये जरा गोंधळ झाला. पेपरात चार ओळी आल्या होत्या, तू वाचल्या असशीलच. दिल्लीच्या दुपारच्या विमानाचा माल होता. प्रवासी विमान, म्हणजे वर माणसं आणि त्यांच्या पायाखाली खोकी. कागदावर लिहिलेलं, 'मोबाईलची कव्हरं'. आमचा हमाल श्यामसुंदर एक खोकं उचलून म्हणाला, "मॅडम, कव्हरं आता शिशाची करतात काय हो?"

मी म्हटलं, "ठेव खाली, उघडून बघू." तेवढ्यात त्याच्या शेजारच्या खोक्यातून धूर यायला लागला.

आत मोबाईलच्या जुन्या बॅटऱ्या होत्या. फुगलेल्या, दुरुस्तीच्या दुकानांतून गोळा केलेल्या, पापडांसारख्या एकावर एक रचलेल्या. असला माल प्रवासी विमानात चालत नाही, हे तुला मी सांगायला नको. एवढी वर्षं तू माल पाठवायचाच धंदा करतोस. एक पेटली की शेजारणीला पेटवते, आणि विझली म्हणून आपण पाठ फिरवली की पुन्हा पेटते. अग्नीचा शेष ठेवू नये, असं सुभाषितकार सांगून गेले. त्यांनी मोबाईल पाहिला नव्हता, पण माणसं पाहिली होती.

आम्ही सगळे दाराकडे पळालो. श्यामसुंदरही दाराकडेच पळाला, फक्त ते धुमसणारं खोकं छातीशी धरून. बाहेर मोकळ्यावर नेऊन टाकलं त्याने. हात भाजले ते दिसले. तो धूर साधा नसतो. आत काय गेलं ते दिसलं नाही. मी तेव्हापासून एकच विचार करते आहे. त्याला निदान पळायला दार होतं. विमानात खोकं टाकायला अंगण नसतं.

मग चौकशीला अधिकारी आले. पाठवणाऱ्याचं नाव वारज्याच्या कुठल्याशा कंपनीचं. त्या पत्त्यावर चपलांचं दुकान निघालं. टेम्पोवाला म्हणे रस्त्यावरून ठरवलेला. सगळे हात चोळत बसले. उरलेलं खोकं माझ्यासमोर उघडलं, बॅटऱ्या वाळूत काढून ठेवल्या, आणि तळाशी, उजव्या कोपऱ्यात, कुंकवाच्या अक्षता दिसल्या. वर एक हळकुंड.

तुला आपल्या नानांचं मूर्तींचं दुकान आठवतं. परगावी जाणाऱ्या प्रत्येक मूर्तीच्या खोक्यात ते असंच करायचे, उजव्याच कोपऱ्यात. समयांच्या खोक्यात कधीच नाही. मी विचारलं होतं, तर म्हणाले, "पितळेला देवाची गरज नसते गं. जे फुटेल अशी भीती वाटते ना, ते त्याच्यावर सोपवायचं."

मोबाईलच्या कव्हरांना देवाची काय गरज पडली, केदार?

'माहीत नव्हतं' म्हणाला असतास, तर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता. ताई आहे, तेवढी मूर्ख असण्याचा मला हक्क आहे. पण तुला भीती वाटली होती. भीती वाटली, तू अक्षता टाकल्यास, आणि वरून चिकटपट्टी लावलीस.

अधिकाऱ्याने विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "तांदूळ. शेजारी पोती असतात, सांडले असतील." आणि हळकुंड मुठीत घेतलं. श्यामसुंदर बरा होईल, मग तुला घरी बोलावून कान उपटीन, असा बेत होता माझा.

श्यामसुंदर काल गेला. हे वाक्य पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मी साडीवर लिहीत बसले.

त्याची बायको ललिता दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, कव्हरं जळून माणूस मरतो का हो?" मला उत्तर माहीत होतं. मी तिला पाणी आणून दिलं.

आता नीट वाच. घरात तसला माल उरला असेल, तर आमोदच्या पलंगाखाली नको, माळ्यावर नको. बाहेर, उघड्यावर, वाळूत. वाचून झाल्याबरोबर, आधी ते.

हे पत्र मी स्वतः कर्वेनगरला येऊन तुझ्या दाराच्या फटीतून सरकवणार आहे. बेल वाजवणार नाही. स्पृहाने चहा टाकला, तर मी बसेन, आणि बसले तर मला जमणार नाही.

उद्या सकाळी तो अधिकारी पुन्हा शेडमध्ये बसणार आहे. मी फाटकापाशी, रसाच्या गाडीजवळ थांबेन. तू आलास तर आपण दोघं आत जाऊ. बोलायचं तूच, मी शेजारी बसेन. नाही आलास तर मी एकटी जाईन. हळकुंड पर्समध्ये आहे. ते त्याच्या टेबलावर ठेवीन आणि सांगेन, ते तांदूळ नव्हते, आणि ते टाकणारा माझा भाऊ आहे.

आशीर्वाद वर लिहिला आहे. तो खोडलेला नाही.

तुझी
ताई