फिरतीवर गेलेला एन्सायक्लोपीडिया

तासगाव,
मंगळवार

तीर्थस्वरूप मामांस नानासोचा साष्टांग नमस्कार. इकडं सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? (तुमच्या भाचेसुनेनं, क्रांतीनं लेप पाठवलाय, तो लावा. ती रागावलीय ती माझ्यावर, तुमच्यावर नाही.)

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही मला वाचायला दिलेला एन्सायक्लोपीडिया परत मागितलात. मामींनी उतारवयात इंग्रजी अक्षरं शिकताना त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर हाच शब्द पन्नासदा गिरवला, आणि त्यांच्या हातचं तेवढंच अक्षर आता उरलंय, हे मला ठाऊक नव्हतं. कसं असणार? दहा वर्षांत एकदा तरी उघडला असता तर ना!

खरं सांगतो मामा, तो माझ्याकडं नाही. लालासाहेब सोसायटीचे चेअरमन झाले तेव्हा सत्काराला न्यायला हाताशी काही नव्हतं. तुमचं जाडजूड पुस्तक चकचकीत कागदात बांधलं आणि शालीवर ठेवून दिलं. नंतर दुसरी वस्तू देऊन हळूच परत आणू, असा विचार होता. (विचार माझे नेहमी चांगलेच असतात.) पण आपल्याकडं आलेला आहेर उघडतंय कोण? तो पुढं सारायचा. लालासाहेबांनी तो कडेगावला एका वास्तुशांतीला दिला, आणि तिथून तो तुमच्याच म्हसवडला, तुमचे जुने विद्यार्थी दादासो यांच्याकडं गेला. मी घरोघर चहा पीत माग काढला, पण मागायची छाती झाली नाही. 'माझा आहेर पुढं सारलात' असं कोणत्या तोंडानं म्हणू? मी दिलेला तरी कुठं माझा होता! कडेगावच्या भामाबाई तेवढ्या म्हणाल्या, "आवं, लय जड हुतं बगा. आमाला वाटलं, भांडंच हाय."

शाळेत तुम्ही त्या शब्दाचं लांबलचक स्पेलिंग पाठ होईपर्यंत मला उभं करायचात. मूळ शब्द ग्रीकांचा, अर्थ सगळ्या विद्यांचा पुरा फेरा, असं सांगायचात. पुस्तकानं फेरा घेतला, पण विद्या कुणाच्याच पदरात पडली नाही. ज्या मामींनी मला पाच वर्षं जेवू घातलं, त्यांचं अक्षर मी नारळाबरोबर देऊन टाकलं. फार लाज वाटते, मामा.

तुमचा (नावालाच शिकलेला) भाचा,
नानासो

ता. क. : रविवारी जुने विद्यार्थी तुमचा सत्कार करणार होते, पण मामी गेल्यापासून तुम्ही हारतुरे घेत नाही, म्हणून नकार कळवलात, असं दादासो म्हणाले. पाया पडतो, हो म्हणा. त्यांनी तुमच्यासाठी काढून ठेवलेलं पुडकं मी पाहिलं. कागद माझाच आहे. कोपरा फाटून आतला लाल पुठ्ठा दिसतो.

आणखी एक : आत लालासाहेबांच्या नावाची माझी चिठ्ठी असेल, ती फाडून टाका. आणि मामा, एवढं पुडकं तरी पुढं सारू नका. घरी नेऊन उघडा.